तामलवाडीच्या अलीकडची कथा

शैला, ट्रेलर आला.

तू असतीस तर हे मला सांगावंच लागलं नसतं. माझ्या आधी तुला कळलं असतं आणि दवाखान्यातली नर्सची ड्यूटी संपवून येताना जिन्याच्या पहिल्या पायरीवरूनच तू हाक दिली असतीस, "नंदाताई, वर चल. आला." आमच्या तुळजापूरच्या लॉजवर उतरलेल्या यात्रेकरूंना वाटायचं, गच्चीवर कुणी बडा पाहुणा आलाय. बीडकडचे एक आजोबा तर एकदा काठी टेकत तुझ्या मागोमाग वर चढले आणि वाळत घातलेल्या चादरींमध्ये त्या पाहुण्याला शोधत उभे राहिले. आपण त्यांनाही ट्रेलर दाखवला. त्यांनी तो शांतपणे बघितला आणि पुढं काय होतं म्हणून विचारलं. तू म्हणालीस, "बाबा, त्येच तर आमाला बी कळंना झालंय." आजोबा थोडे नाराज होऊन खाली गेले.

या वेळी ट्रेलर आला तेव्हा मी खाली खोल्यांच्या किल्ल्या खिळ्यांना अडकवत होते. फोन वाजला, परत वाजला, मग वाजतच राहिला. लेकीनं पुण्याहून पाठवला, भावजयीनं पाठवला, तुझ्या दवाखान्यातल्या लॅबच्या मॅडमनीही पाठवला. या ट्रेलरची आपण किती वाट बघितली ते सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांचं काहीच चुकलं नाही. पण माझ्या छातीत धडधडायला लागलं आणि मी फोन पालथा करून पिठाच्या डब्यावर ठेवून दिला. स्वयंपाक करताना सारखं लक्ष त्या डब्याकडं. आपोआप सुरू झाला तर काय करायचं, असं मला वाटत होतं. हसू नकोस. मला काळजी करायला कारण लागत नाही, हे तूच गावभर सांगायचीस.

एकटीनं बघायचा नाही हा आपला नियम, आणि तो तू घातलेला. माझ्याकडं खोली मागायला आलीस तो दिवस आठवतो ना. सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या. आमचं पुजाऱ्यांचं घर, त्यांनी पहिल्यांदा आडनाव विचारलं. तू नीट, मोठ्यानं सांगितलंस, मुरुमच्या बौद्धवाड्यातली म्हणूनही सांगितलंस, आणि त्यांना पुढचं बोलायला जागा न देता विचारलंस, "गच्ची वापरायला मिळंल ना?" सासूबाई गडबडल्या आणि हो म्हणून बसल्या. पुढं कितीतरी महिने त्या तुझ्या खोलीत चहा घेत नव्हत्या. मग कुठल्याशा पौराणिक सिनेमाचा ट्रेलर आला आणि त्यातला हनुमान बघायला त्या गुडघे धरत गच्चीवर आल्या, तुझ्याच सतरंजीवर बसल्या, तुझ्याच हातचा चहा प्यायल्या. त्यावर तू कधी काही बोलली नाहीस. मला मात्र ते बोलायचं होतं, दर वेळी राहून गेलं.

गच्चीवर आपला फोन पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर उशीला टेकवून ठेवलेला असायचा. ट्रेलर तीनदा बघायचा. पहिल्यांदा नुसता, दुसऱ्यांदा आवाज बंद करून, तिसऱ्यांदा डोळे मिटून. तू म्हणायचीस की चित्र आणि आवाज एकत्र आले की माणसाला फसवतात, म्हणून दोघांना वेगवेगळं गाठायचं. मग सिनेमा लागेपर्यंत आपण दोघी त्या दोन-अडीच मिनिटांना चिकटून. कोण मरणार, कोण उलटणार, तो मागं उभा असलेला दाढीवाला कोण. मी भाजी निवडताना तू वरून ओरडायचीस, "दाढीवाला बाप हाय तिचा." यात्रेकरू चमकून वर बघायचे.

आणि मग सोलापूर. सिनेमा चांगला असेल तर तो सोलापुरातच बघायचा, पहिल्या शुक्रवारी, तुझी ड्यूटी कुणाशी तरी बदलून. तुळजापूरहून बस सुटली की आपली कथा सुरू व्हायची. ट्रेलरवरून जिनं तिनं आपापली अख्खी गोष्ट सांगून टाकायची, शेवटासकट. वाटेतली तामलवाडी आली की तोंडं बंद. तिथल्या नाक्यापुढं एक शब्द नाही, सोलापूरच्या थेटरात बसेपर्यंत नाही. येतानाही तेच. सिनेमाबद्दल बोलायचं नाही, तामलवाडी येऊ द्यायची. तिथं हरलेलीनं मोठ्यानं म्हणायचं, "हरले." आणि मग तुळजापूर येईपर्यंत बोलायचा हक्क फक्त जिंकलेलीचा, हरलेलीनं मध्ये तोंड घालायचं नाही. मी बहुतेक वेळा हरायचे. डोंगर दिसायला लागेपर्यंत तुझी बडबड ऐकताना माझा जीव अगदी कासावीस व्हायचा, कारण मला निदान दहा ठिकाणी हरकत घ्यायची असायची. आज कुणी मला ती बडबड परत दिली तर मी एकही हरकत घेणार नाही.

आपलं खरं भांडण झालं ते त्या दोन बहिणींच्या सिनेमावरून. पहिल्या भागाच्या शेवटी मोठी बहीण जीपसकट घाटातून खाली जाते, जीप पेटते, धाकटी वर उभी राहून किंकाळी फोडते आणि पडद्यावर येतं की पुढचं दुसऱ्या भागात. अख्खं थेटर हळहळलं. तू मात्र खुर्चीत पुढं सरकून बसलीस. त्या दिवशी कोण हरलं तेच ठरेना; तामलवाडी आल्याबरोबर तू म्हणालीस, "मोठी जित्ती हाय." मी म्हणाले, अगं जीप पेटली. तू म्हणालीस, "प्रेत दाखवलं का? न्हाय ना? मग मेली न्हाय." मी म्हणाले, जळालेलं प्रेत कोण दाखवतं, सेन्सॉर आहे, घरच्या बायका-पोरं बघतात. तू ऐकायला तयार नव्हतीस. "दवाखान्यात आमी स्वतः बघितल्याबिगर मानत न्हाय. नाडी बघतो, डोळं बघतो, मग लिवतो. पिक्चरमधी का मानू?"

त्यावर तीन वर्षं आपण भांडलो. दुसरा भाग येणार येणार म्हणून पुढं जात राहिला, आणि प्रत्येक बातमीवर आपण नव्यानं भांडत राहिलो. मोठीचं काम करणाऱ्या नटीनं केस कापले की मी म्हणायचे, बघ, ती दुसऱ्या सिनेमात गुंतलीय, याच्यात नाही. तू म्हणायचीस, भाजलेले केस दाखवायला कापलेत. मग टीझर आला. त्यात काहीच नव्हतं, नुसता काळा पडदा, सिनेमाचं नाव आणि मागं एक आवाज. खडखड, खडखड. तिसऱ्यांदा डोळे मिटून ऐकल्यावर तू माझं मनगट धरलंस. "मशीन हाय. पायानं चालवायचं शिलाई मशीन. मोठी पहिल्या भागात शिवणकाम करायची, आठवतंय का?" मी म्हणाले, रेल्वे आहे. तू इतकी चिडलीस की चहाचा कप तसाच राहिला. म्हणालीस, आईचं मशीन ऐकत ऐकत मी मोठी झाले, मला मशीन आणि रेल्वे कळत नाही का. मी म्हणाले, ट्रेलर येऊ दे, मग बोलू.

ट्रेलर येऊ दे, मग बोलू. तुझ्याशी मी समोरासमोर बोललेलं हे शेवटचं वाक्य. दुसऱ्या दिवशी तू मामेबहिणीच्या लग्नाला मुरुमला गेलीस आणि मी लेकीकडं पुण्याला.

फोन आला तेव्हा मी नातीला वरणभात भरवत होते. सकाळी चहा ठेवता ठेवता तू खाली बसलीस आणि परत उठली नाहीस, एवढंच मला कळलं. मी निघाले. पुण्याहून मुरुम काय जवळ आहे का. वाटेत प्रत्येक ठिकाणी मला वाटत होतं की अजून एक फोन येईल, काहीतरी चूक झाली म्हणून सांगणारा. दिवेलागणीला पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. अंगणात पांढऱ्या कपड्यातली माणसं बसली होती, वंदना चालली होती, बुद्धांच्या फोटोशेजारी तुझा फोटो होता आणि दोन्हींपुढं मेणबत्त्या. फोटोतल्या तुझ्या चेहऱ्यावर तेच, तामलवाडीला जिंकल्यावरचं हसू.

शैला, मी तुला बघितलं नाही. हे मी कुणाला सांगत नाही, तुलाच सांगते. सगळ्यांनी बघितलं, मी नाही बघितलं. आणि तुझा तो नियम माझ्या डोक्यात जाऊन बसलाय. प्रेत दाखवलं नाही, मग मेली नाही. मला माहीत आहे हा वेडेपणा आहे. पण दवाखान्याच्या रस्त्यानं तुझ्यासारखी खांद्यावर पिशवी घेतलेली कुणी पाठमोरी दिसली की माझी पावलं भराभर पडतात. जिन्यावर पाय वाजला की मी हातातलं काम थांबवते. लोक 'शैला गेली' म्हणतात, तसं मला म्हणताच येत नाही. मी म्हणते, शैला मुरुमला आहे. तुझी खोली मी कुणाला दिलेली नाही. यात्रेचे दिवस, माणसं व्हरांड्यात झोपायला तयार, आणि एक खोली कुलूप लावून बंद. आमचे हे येता-जाता कुलपाकडं बघतात.

यांच्या छातीत दुखलं होतं ते दिवस मला आता फार आठवतात. मी दवाखान्याच्या बाकावर बसले होते. तू आतून आलीस, माझ्या शेजारी टेकलीस आणि विचारलंस, "दिवाळीला यायच्या पिक्चरमधी बाप मरतो का जगतो? तुजं काय म्हननं?" मला तुझा असा राग आला होता. नवरा आत आणि ही बाई सिनेमाचं विचारते. पण तू उत्तर घेतल्याशिवाय उठेनास. शेवटी मी म्हणाले, जगतो. "झालं तर," तू म्हणालीस, "तेवढं धरून बस," आणि आत गेलीस. हे बरे होऊन घरी आले. दिवाळीचा तो सिनेमा आपण बघितला तेव्हा बाप सुरुवातीलाच मेला. तामलवाडीला मी हरले म्हणाले आणि दोघी इतक्या हसलो की कंडक्टर मागं वळून बघायला लागला. त्या दिवशी बाकावर तू मला काय दिलं होतंस हे मला नंतर कळलं. तुला कधी तसं म्हणाले नाही.

पण तेच आता माझ्यावर उलटलंय. तू मला 'जगतो' असं धरून बसायला शिकवलंस आणि आता ते माझ्या हातून सुटत नाही. म्हणून मला या सिनेमाची धास्ती. मोठी मेलेली निघाली तर तीन वर्षांचं भांडण मी जिंकले, आणि मग तू माझ्यासाठी खरोखरच संपलीस. आणि जिवंत निघाली तर त्याहून वाईट, मग मी तुझी वाट बघायचं कधीच थांबणार नाही. लोक ट्रेलर बघून कमेंटा टाकत होते, चहाच्या टपरीवर पोरं पैजा लावत होती, आणि मी बाजारातून जाताना कुणी काही फोडेल म्हणून कानावर पदर ओढून जात होते. यात्रेकरूंना वाटलं असेल, पुजाऱ्यांची सून सोवळ्यात आहे.

मग तुझ्या आईचा फोन आला. शेवंताकाकू फोनवर नेहमी ओरडून बोलतात, पण त्या दिवशी हळू बोलल्या. म्हणाल्या की नातीनं सांगितलं, ट्रेलर आलाय. मी बघितला का म्हणून विचारलं. मी नाही म्हणाले. त्या म्हणाल्या, "म्या बी न्हाय बघितला. शैला म्हनायची, एकलीनं बघायचा नस्तो. मग ये की हिकडं."

मी नळदुर्गवरून मुरुमला गेले. घर तेच, अंगण तेच. खिडकीशी काकूंचं मशीन, त्यावर फुलांच्या कापडाचं झाकण. गुडघे गेल्यापासून काकू ते चालवत नाहीत, पण झाकण धुवून रोज सारखं करतात. मी फोन मशीनवर उशीला टेकवला. पहिल्यांदा नुसता बघितला. धाकटी हातात बहिणीचा फोटो घेऊन गावोगाव फिरते, मारामाऱ्या, पाऊस, आणि अगदी शेवटी डोक्यावरून पदर घेतलेली एक बाई, पाठमोरी. माझ्या तोंडून निघालं, धाकटीच आहे ती. बोलले ते उजव्या बाजूला बघून, जिथं तू बसायचीस. काकू डाव्या बाजूला होत्या. त्यांनी ऐकलं न ऐकलं केलं.

दुसऱ्यांदा आवाज बंद करून बघितला. तिसऱ्यांदा डोळे मिटले. शेवटी तोच आवाज आला, टीझरमधला, पण जरा लांबलेला. खडखड, खडखड. मला अजूनही रेल्वेच वाटत होती. मध्येच काय वाटलं कुणास ठाऊक, मी नियम मोडून डोळे उघडले. काकूंचे डोळे घट्ट मिटलेले होते आणि त्यांचं उजवं पाऊल फरशीवर खालीवर होत होतं. टाच, चवडा, टाच, चवडा, अगदी त्या आवाजाबरोबर. मी परत डोळे मिटून घेतले.

ट्रेलर संपल्यावर मी विचारलं, काकू, कसला आवाज होता? त्या फोनकडं न बघता म्हणाल्या, "रेल्वे हाय." आणि चहा ठेवायला उठल्या.

निघताना त्यांनी मला बजावलं की शुक्रवारी त्याही येणार. मुरुमहून सोलापूरला सरळ हमरस्त्यानं जाता येतं, तुळजापूरला येण्याची गरज नाही. मी तसं सांगितलं. काकू म्हणाल्या, मग तामलवाडी कशी लागायची? तू त्यांना सगळं सांगितलेलं होतंस तर. आपला हा पोरखेळ तू घरी सांगत असशील हे माझ्या मनातही आलं नव्हतं. मला एकदम भरून आलं. आता न जायला काही निमित्तही उरलं नव्हतं.

गुरुवारी काकू आल्या. मी तुझ्या खोलीचं कुलूप काढलं. त्यांनी आत जाऊन खिडकी उघडली, तुझी गादी झटकली आणि माझ्याकडून केरसुणी मागून घेतली. मी दारातच उभी. सासूबाई आपल्या हातानं चहा घेऊन वर आल्या आणि काकूंच्या शेजारी गादीवर बसल्या. दोघी म्हाताऱ्या गुडघ्यांविषयी बोलल्या. तुला ते बघायला मिळायला हवं होतं.

शुक्रवारी बसमध्ये काकू खिडकीशी. यांनी फोनवरून थेटरची तिकिटं काढली होती, पण पहिल्या दिवशी एवढी गर्दी की पडद्याजवळच्याच खुर्च्या मिळाल्या. मला सगळ्याची काळजी वाटत होती. काकूंना आवाज सोसेल का, मान अवघडेल का, आत अंधारात पायऱ्या दिसतील का. खरी काळजी त्यातली एकही नव्हती. बस गावाबाहेर पडली, घाट उतरली, आणि काकू म्हणाल्या, "हां, लाव तुजी कथा. तामलवाडी यायच्या आत."

मी म्हणाले, आधी तुम्ही. त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. "मोठी मेली," त्या म्हणाल्या. मी विचारलं, पण प्रेत कुठं दाखवलंय? काकू बाहेर बघत म्हणाल्या, "जित्ती हाय म्हटलं की वाट बघनं आलं. म्या न्हाय बघत वाट. आन जित्ती असती तर यवढ्या वर्सांत आईकडं आली नस्ती व्हय?" मग त्या म्हणाल्या, "तू बघितलं न्हायीस तिला. म्या बघितलंय. ह्या हातानं तिला आंघूळ घातली, केस विंचरलं. लई शांत व्हती." त्या कुणाविषयी बोलत होत्या हे मला विचारावं लागलं नाही. त्यांनी हात उघडून माझ्या मांडीवर ठेवला. मी त्या हाताकडं बघत बसले. तुला बघितल्यासारखंच होतं ते.

मग मी तुझी कथा सांगितली. कुणीतरी सांगायलाच हवी होती. जीप खाली जायच्या आधी मोठीनं उडी टाकली, ती भाजली, एका म्हाताऱ्या जोडप्यानं तिला सांभाळलं, ती लांबच्या गावी तोंड झाकून राहते आणि शिलाई मशीन चालवते, आणि तो पाठमोरा पदर तिचाच. तू सांगायचीस तशी, हातवारे करून सांगितली. पुढच्या बाकावरच्या बाया मागं वळून ऐकायला लागल्या. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ही शैलाची झाली. तुजी सांग."

नाका दिसायला लागला होता. तीन वर्षं हा शब्द मी तुझ्याशी भांडताना किती सहज वापरला होता, आणि गेल्या काही महिन्यांत तोच मला उच्चारता येत नव्हता. काकू माझ्या तोंडाकडं बघत होत्या.

"मेली," मी म्हणाले.

तामलवाडी आली. आम्ही दोघी गप्प झालो. मी पदर तोंडाला लावून सोलापूरपर्यंत रडले, आणि नियमच असा असल्यामुळं काकूंनी का रडतेस म्हणून विचारलं नाही. त्यांनी फक्त पिशवीतून पाण्याची बाटली काढून माझ्या मांडीवर ठेवली.

थेटरात तुला आवडायचा तसाच गोंधळ होता. शिट्ट्या, आरोळ्या, नावं येतानाच टाळ्या. मध्यंतरापर्यंत मोठी कुठंच नाही. मध्यंतरानंतर धाकटी एका आडगावी जाते, एका बंद दारापाशी थांबते, आणि आतून आवाज येतो. खडखड, खडखड. दार उघडतं. मशीनवर बसलेली बाई मान वर करते, अर्धा चेहरा भाजलेला. अख्खं थेटर उठून उभं राहिलं, शैला. पुढच्या रांगेतली पोरं खुर्च्यांवर चढली. मी काकूंकडं बघितलं. त्या उभ्या राहिल्या नव्हत्या. पडद्याकडं तोंड करून, डोळ्यांतून पाणी वाहत असताना त्या मोठीला रागवत होत्या, "यवढं दीस कुठं व्हतीस गं? आईला एक निरोप धाडायला काय झालं व्हतं?" शिट्ट्यांत ते कुणाला ऐकू गेलं नाही. मला गेलं.

परतीच्या बसमध्ये जागा मिळाली. ऊन उतरलं होतं. बोलायचं नव्हतंच, तामलवाडी यायची होती. माझ्या लक्षात आलं की मी ज्याची एवढी धास्ती घेतली होती ते झालं नव्हतं. मोठी परत आली आणि तरीही मी तुझी वाट बघत नव्हते. काकूंच्या हाताशेजारी माझा हात होता, आणि तू गेली आहेस हे त्या हाताला ठाऊक होतं, माझ्याही. छातीतली धडधड मात्र पुरती थांबली नव्हती. ती आता राहीलच बहुतेक. तू नसताना माझी काळजी कोण उडवून लावणार?

नाका आला. काकूंनी डोक्यावरचा पदर नीट केला, ताठ बसल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "हरले म्या."

"मीही हरले," मी म्हणाले.

मागच्या बाकावरच्या माणसानं काय झालं म्हणून विचारलं. आम्ही उत्तर दिलं नाही. तू जिंकली होतीस, आता बोलायचा हक्क तुझा होता. तुळजापूर येईपर्यंत आम्ही दोघींनी मध्ये तोंड घातलं नाही.